राखण्याच्या पायातली वायर

मित्रांनो, आमच्या वाडीच्या शाळेत शिरलात की उजव्या हाताच्या भिंतीवर एक चित्र दिसेल, आणि चित्राखालच्या खिळ्याला अडकवलेली एक गंजकी तार. ती तार म्हणजे मी. मी एक जुनी क्लच वायर आहे. माझ्या एका टोकाला शिशाची गुंडी आहे, तिच्यावर लाल नेलपॉलिशचे टवके अजून टिकून आहेत. दुसरं टोक पकडीनं तोडलेलं आहे. मुलं चित्र बघायला हौसेनं पुढं येतात आणि माझ्यावर नजर गेली की एक पाऊल मागं सरतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी भिण्यासारखीच वस्तू आहे. एकदा तर मी माझी मलाच इतकी भ्याले होते, की ते सांगितल्याशिवाय मला या खिळ्यावर स्वस्थ लटकता येणार नाही.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. पोलादाच्या केसासारख्या बारीक तारा एकमेकींना पीळ घालून कुठल्याशा कारखान्यात मला घडवलं, वर काळी नळी चढवली आणि खोक्यात भरलं. मी डोळे उघडले ते शिवऱ्याला, हायवेच्या कडेला आनंदरावांच्या पंक्चरच्या दुकानात. तिथं आम्ही वायरी एका खिळ्याला जुडीनं लटकत असू आणि दिवसभर ट्रकांची धूळ खात असू. आनंदरावांची मुलगी सुलक्षणा तेव्हा पहिलीत होती. शाळा सुटली की ती दुकानात येऊन पाने आणि पकडी ओळीनं मांडायची, आणि वडिलांनी मागितलं ते हत्यार न चुकता हातात द्यायची.

एके दिवशी तिचा मामा हनुमंत गाडी घेऊन आला. गुंजवणीच्या खोऱ्यात, पालीच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथून तो रोज नसरापूरला दूध घालायचा. त्याच्या मोटारसायकलची क्लच वायर तुटली होती. आनंदरावांनी मला खिळ्यावरून काढलं. तेवढ्यात सुलक्षणेनं आईची नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझी गुंडी लालभडक रंगवून टाकली.

"ही मामाची," ती म्हणाली. "आता हरवली तरी वळखू येईल."

"आगं, क्लच वायरीला कुणी नटवतं व्हय?" हनुमंत हसत म्हणाला. पण त्यानं रंग पुसला नाही. तेव्हापासून माझ्या वाट्याला जरा नटवेपणा आला तो आलाच.

मित्रांनो, क्लच वायरीचं काम तसं सोपं. मालकाची बोटं आवळली की आपण ताणायचं, बोटं सैल झाली की आपण सैल व्हायचं. ओढणं आणि सोडणं, ओढणं आणि सोडणं. पहाटे दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना बांधून आम्ही निघायचो. साखर गावच्या चढाला मी दमायचे, मार्गासनीला जरा श्वास घ्यायचे, आणि नसरापूरच्या बाजारात तर काही विचारू नका, दर पावलाला ओढा आणि सोडा. पावसाळ्यात रस्ता वाहून जायचा, उन्हाळ्यात माझी नळी तापायची, पण मी एकदाही दगा दिला नाही. "माजी वायर लई इमानी हाय," हनुमंत चारचौघांत सांगायचा. इतकं ताणलं जाऊनही मला कधी दुखलं नाही, कारण ताणल्यावर सोडलं जाणार याची मला खात्री होती.

पुढं व्हायचं ते झालं. इंजिनाकडच्या टोकाला माझ्या काही तारा तुटल्या आणि पिसारल्या. हनुमंतानं नवी वायर टाकली. माझी काळी नळी उतरवून टाकून दिली आणि मला एका तेलाच्या डब्यात कोंबलं. डबा ओसरीच्या कोपऱ्यात गेला. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. त्या अंधारात मोडके पाने आणि वाकडे खिळे यांच्या संगतीत मी गंजत पडले. मला फार अपमान वाटायचा. देवा, पुन्हा एकदा कामाला लाव, असं मी मनात म्हणायचे. मागताना जरा विचार करून मागावं, हे तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत सुलक्षणा मामाकडं राहायला आली. आता ती पाचवी पास झाली होती. संध्याकाळी ओसरीवर तिची आजी रतनबाई शेंगा फोडत बसायची आणि वाडीतली पोरं भोवती गोळा व्हायची. डब्यातून मला सगळं ऐकू यायचं. आजीची गोष्ट नेहमी एकच. ती वाघजाईच्या राईतल्या राखण्याची.

आमच्या वाडीच्या वर, हनुमंताच्या शेताला लागूनच वाघजाईची राई आहे. तिथली झाडं कुणी तोडत नाही. वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. आणि तिथला मोठा नेम असा, की राईत लोखंड न्यायचं नाही. कोयता, कुऱ्हाड, पायातल्या चपलेला खिळा असेल तर चपलासुद्धा, सगळं हद्दीच्या शेंदरी दगडापाशी ठेवून मगच आत पाऊल टाकायचं.

"आन् कुणी नेलं तर?" एखादं पोरगं विचारायचंच.

"तर राखण्या येतो," रतनबाई आवाज खाली आणून सांगायची. "त्याचं त्वांड डुकराचं. अंगावर खवलं. पाठीवर ह्ये एवढाले काटं. फुडलं पाय लांब, मागलं आखूड. अंधार पडला का हुंकार देत हद्दीवरनं फिरतो. लोखंडाचा वास त्याला कोसावरनं येतो."

पोरं एकमेकांना चिकटून बसायची. मी स्वतः लोखंडाच्या जातीची, त्यामुळं डब्यात असूनही माझ्या अंगावर काटा यायचा.

मे महिन्यात छायाताई येऊ लागल्या. छायाताई वनरक्षक, राहणार भोरच्या. सुट्टीत वाडीवाडीला जाऊन त्या मुलांना गोळा करायच्या आणि रानातल्या प्राण्यांची ओळख करून द्यायच्या. आमच्याकडं त्यांचा वर्ग हनुमंताच्याच ओसरीवर भरला. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, "तुमच्या राखण्याचं चित्र काढा." सगळ्यांनी काढलं. सुलक्षणेचं चित्र सगळ्यांत भीतिदायक झालं. तिनं त्याचे डोळे कोळशानं काळे केले आणि बुबुळाच्या जागी कागद कोरा ठेवला.

"आता बघा," छायाताई म्हणाल्या. "राखण्या खरा का खोटा, ते मी सांगणार नाही. तुमच्या आज्जींचं आणि त्याचं काय ते त्यांचं त्यांनी बघावं. पण ह्याचा एकेक अवयव कुणाचा आहे, ते शोधूया."

मग रोज एकेक अवयव सापडत गेला. तोंड रानडुकराचं. काटे साळिंदराचे, त्यातला एक खरा काटा छायाताईंनी सोबत आणला होता आणि तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. खवले खवल्या मांजराचे. ते घाबरलं की अंगाचा चेंडू करून बसतं. आणि पुढचे पाय लांब, मागचे आखूड, ते तरसाचे.

"तरस मढी उकरतं, ताई," सुलक्षणा म्हणाली. "आज्जी म्हणती, ते बेकार जनावर हाय."

"मेलेली गुरं खाऊन तेच तर रान साफ ठेवतं, बाळा. ते माणसाला भितं. आपण त्याला भितो त्याच्या कितीतरी पटीनं जास्त." छायाताईंनी चित्रावर बोट ठेवलं. "ही सगळी जनावरं ह्या राईच्याच आसऱ्यानं राहतात. ह्यांतलं एक जरी संपलं, तरी तुमचा राखण्या लंगडा होईल."

दारात हनुमंत उभा होता. त्या दिवशी पहाटे रानडुकरांनी त्याचा उन्हाळी भुईमूग नांगरल्यासारखा उकरून टाकला होता. नदीवरून पाणी चढवून, हाडाची काडं करून त्यानं तो वाढवला होता.

"कागदावरचं डुक्कर लई गोड हाय, ताई," तो म्हणाला. "माज्या वावरातलं येऊन बगा की."

छायाताईंनी मान खाली घातली. आधीच्या नुकसानीचा पंचनामा त्यांनी केला होता, वर पाठवलाही होता. पुढं काही हललं नव्हतं. हनुमंताचंही खोटं नव्हतं, मित्रांनो. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं पीक असं मातीत मिळालं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याचं झाकण उघडलं. उजेड आत आला आणि हनुमंताच्या ओळखीच्या बोटांनी मला बाहेर काढलं. मला कोण आनंद झाला. त्यानं माझी पिसारलेल्या तारा छाटल्या, गंज खरवडला, तेलाचा बोळा फिरवला. मग माझ्या टोकाला डोळ्याएवढं एक कडं वळलं आणि त्यातून माझंच अंग ओवून घेतलं. बाभळीच्या खुंट्याला भोक पाडून दुसरं टोक त्यातून असं काढलं, की माझी लाल गुंडी भोकात घट्ट बसली. त्यानं मला एकदा ओढून बघितलं. मी आवळले. त्यानं बोटं काढून घेतली. मी सैल व्हायला गेले आणि मला सैल होता येईना.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या सगळ्या तारांमधून थंड कापरं गेलं. ओढणं राहिलं होतं, सोडणं कुणीतरी काढून घेतलं होतं.

"मामा, ही माजी लाल गुंडी ना?" सुलक्षणा ओसरीवर आली होती. "काय करताय तिचं?"

"कारल्याच्या येलाला आदार," हनुमंत तिच्याकडं न बघता म्हणाला. "जुनं ते सोनं."

दिवस मावळताना तो मला घेऊन बांधावर गेला. राईतून शेतात उतरणारी जनावरांची एक पायवाट होती. करवंदीच्या जाळीत तिची फट पडली होती आणि तिथं डुकरांचे राठ केस अडकले होते. फट राईच्या हद्दीपासून हातभर अलीकडं, हनुमंताच्या बांधात होती. त्यानं आधी कमरेचा कोयता काढून शेंदरी दगडापाशी ठेवला आणि हात जोडले.

"आई, तुज्या राईत म्या लोखंड आनलं न्हाई," तो पुटपुटला. "ह्यो माजा बांद हाय. माज्या बांदावर म्या काय बी करीन."

मग खुंटा ठोकला, मला वाटेच्या मधोमध गोल पसरलं, वर पाचोळा भुरभुरला आणि तो निघून गेला. देवीशी आपण काही लबाडी केली असं त्याला वाटलंही नसेल. हद्द ही माणसानं दगड ठेवून आखलेली असते आणि जनावराला तो दगड वाचता येत नाही, एवढंच त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी तोंड आ वासून पडून राहिले. मला डोळे मिटायचे होते. एक ससा आला, माझ्या कडेला थांबला, नाक हलवलं आणि उडी मारून गेला. साळिंदर काटे खुळखुळवत आलं. त्याचा पाय माझ्या वेटोळ्यात पडला आणि अलगद निघाला. मी जीव मुठीत धरून होते. हलू नकोस, हलू नकोस, असं मी स्वतःला बजावत होते. पण मित्रांनो, मला हलायचं नाही असं ठरवताच येत नाही. ओढलं की आवळायचं, एवढंच माझ्या अंगात भरलेलं आहे.

तांबडं फुटायच्या जरा आधी ते आलं. डुक्कर नव्हतं. पावलांचा आवाज हलका होता, चाल जरा लंगडल्यासारखी. शेतापलीकडच्या ओढ्यात कुणाची गाय मरून पडली होती, तिच्यावरून ते परत राईत चाललं होतं. पुढचा पाय वेटोळ्यात पडला. त्यानं पाऊल उचललं.

मी आवळले.

त्यानं झटका दिला. मी आणखी आवळले. त्यानं जितका जोर केला तितकी मी आत रुतले, कातडीतून मांसात, मांसातून हाडापर्यंत. गरम रक्त माझ्या तारांमध्ये शिरलं. मला ओरडायचं होतं आणि ते माझ्याऐवजी ओरडलं. असा हुंकार मी कधी ऐकला नव्हता. भुईमुगाच्या पाण्यानं बांधाची माती भुसभुशीत झाली होती. खुंटा उपटून निघाला. ते जनावर खुंट्यासकट मला ओढत राईत शिरलं आणि अंजनीच्या झाडाच्या मुळ्यांत खुंटा अडकला. आता त्याला पुढंही जाता येईना आणि मागंही येता येईना.

असं वाघजाईच्या राईत लोखंड गेलं. ते लोखंड मी होते.

उजाडलं तेव्हा हुंकार सगळ्या वाडीनं ऐकला होता. माणसं हद्दीच्या दगडापाशी जमली. पुजारी कोंडिबा नारळ घेऊन आले होते. मुळ्यांपासून हद्द फार लांब नव्हती, त्यामुळं मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"राखण्या कोपला," कोंडिबा म्हणाले. "कुनीतरी आत लोखंड नेलंय. आज कुनी राईत पाय टाकायचा न्हाई. शेतावर बी जाऊ नगा."

बायकांनी पोरं पोटाशी धरली. हनुमंत मागं उभा होता. आता हे सगळे घरी जातील, दारं लावून घेतील आणि हुंकार ऐकत बसतील, हे मला कळून चुकलं. सांजेपर्यंत हे जनावर माझ्या मिठीतच मरेल आणि कुणाला काही कळणारही नाही. राई राखली जावी म्हणून म्हाताऱ्यांनी रचलेली गोष्ट आज माझ्यासारख्या फासावर पांघरूण घालत होती. त्या जनावराचं काळीज माझ्या तारांना ऐकू येत होतं, इतक्या जोरात ते उडत होतं.

माणसं मागं फिरली. सुलक्षणा फिरली नाही. तिची नजर बांधावर होती. करवंदीच्या फटीपाशी एक ताजं भोक होतं आणि तिथून राईकडं गेलेली फरपट होती. तिनं चपला काढल्या. कानातल्या रिंगा काढून दगडावर ठेवल्या. मग तिनं हद्द ओलांडली.

मी तिला येताना बघितलं, मित्रांनो. दर दोन पावलांनी ती मागं वळून बघत होती. ती अंजनीच्या अलीकडं आली आणि त्या जनावरानं मान वर केली. त्याची आयाळ पाठभर ताठ उभी राहिली, अगदी काट्यांसारखी. पुढचा भाग उंच, मागचा बसका. अंगावर रक्ताची आणि मातीची खपली. त्याचे डोळे पांढरे झाले होते. तिनं कागदावर काढलेला राखण्या तिच्यासमोर उभा होता.

ती एक पाऊल मागं सरली. तेवढ्यात ते जनावर तिच्यावर यायच्या ऐवजी मागं सरकलं, जितकं सरकता येईल तितकं, आणि झाडाच्या बुंध्याला चिकटून थरथर कापू लागलं. तिला ते दिसलं. मग तिची नजर त्याच्या पायावरून माझ्यावर, माझ्यावरून मुळ्यांतल्या खुंट्यावर गेली. खुंट्याच्या भोकात माझी लाल गुंडी होती.

तिनं मला ओळखलं. हरवली तरी ओळखू यावी म्हणूनच तर तिनं मला रंगवलं होतं.

ती धावत हद्दीबाहेर गेली. हनुमंत तिला शोधत आला होता.

"मामा, तरस हाय. लाल गुंडी हाय त्याच्या पायात."

"गप," हनुमंत म्हणाला. "कुनाला बोलशील तर बग. डुकरासाठी लावला हुता म्या. आता मला धरून नेतील, सुले. तुज्या आज्जीकडं कोन बगंल? गाई कोन पिळंल?"

सुलक्षणा रडू लागली. एका बाजूला मामा होता, ज्यानं तिला गाडीच्या टाकीवर बसवून सगळं खोरं दाखवलं होतं. दुसऱ्या बाजूला ते कापणारं जनावर होतं. मला वाटलं, आता ती गप्प बसेल. मोठी माणसं गप्प बस म्हणतात तेव्हा मुलं गप्पच बसतात.

"मी न्हाई सांगनार कुनाला," ती हुंदके देत म्हणाली. "तुमी सांगा, मामा. छायाताईला तुमीच सांगा."

आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो इकडं वळला की ती इकडं, तो तिकडं वळला की ती तिकडं. आतून हुंकार आला, पहिल्यापेक्षा बारीक. हनुमंतानं कानांवर हात ठेवले. मग तो एकदम चालू लागला. जरा वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. क्लच ओढला, सोडला. नवी वायर माझंच जुनं काम करत होती. गाडीचा आवाज लांब गेला आणि विरला. तो फोनला रेंज शोधायला गेला, की तोंड लपवायला गेला, हे मलाही कळलं नाही आणि हद्दीवर एकटीच उभ्या असलेल्या त्या पोरीलाही कळलं नाही.

ऊन चढलं. माश्या आल्या. जनावरानं मान जमिनीवर टाकली. आपण एका जिवाला मारत आहोत आणि आपल्याला थांबता येत नाही, याच्याइतकी मोठी भीती मला माहीत नाही.

मग गाडीचा आवाज परत आला. हनुमंताच्या मागं छायाताई बसल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ वनखात्याची गाडी, पिंजरा आणि जनावरांचे डॉक्टर. वाडी पुन्हा जमली. छायाताईंनी मोठी पकड काढली आणि कोंडिबा आडवे आले.

"लोखंड आत जानार न्हाई, ताई. आमच्या आज्याच्या बापानं पाळलेला नेम हाय."

छायाताई थांबल्या. त्यांना घाई होती, पण त्यांनी म्हाताऱ्याला ढकललं नाही. तेव्हा रतनबाई पुढं आली. तिनं लेकाकडं बघितलं. एवढ्या वेळात तिला सगळं उमगलं होतं.

"कोंडिबा, लोखंड आदीच आत गेलंय," ती म्हणाली. "ते माज्या घरातनं गेलंय. पायात काटा मोडला तर काट्यानंच काडत्यात ना? आता ते भाईर आनायला लोखंडच लागंल. देवीला काय सांगायचं ते माजं मी सांगन."

कोंडिबांनी नारळ खाली ठेवला आणि वाट सोडली.

डॉक्टरांनी लांबूनच गुंगीचं औषध दिलं. जनावर निजलं तसं छायाताई गुडघ्यांवर बसल्या आणि पकडीचे दात माझ्या अंगाला लागले. कट असा आवाज झाला. माझे दोन तुकडे झाले. मला दुखलं नाही, मित्रांनो. किती काळानं मला कुणीतरी सोडलं होतं.

जो तुकडा पायात रुतला होता तो वनखात्याच्या कचेरीत पुरावा म्हणून सीलबंद आहे. हनुमंतावर खटला भरला. त्यानं काही नाकारलं नाही, तो अजून तारखांना जातो. भुईमुगाभोवती आता त्यानं आईच्या आणि बहिणीच्या जुन्या साड्या बांधल्या आहेत, लाल, पिवळ्या, जरीच्या. डुकरं त्यांना बिचकतात. कधी बिचकत नाहीत, तेव्हा पीक जातं. पण त्यानं परत फास लावला नाही. तरस दवाखान्यातून बरं होऊन दिवाळीच्या सुमारास राईत परत आलं. त्याच्या पुढच्या एका पंजाची दोन बोटं गेली. बांधावरच्या मातीत त्याची पावलं अजून उमटतात.

खुंट्याकडचा तुकडा, म्हणजे मी, छायाताईंनी वरिष्ठांना विचारून शाळेला दिला. माझ्या वर टांगलेलं चित्र सुलक्षणेचं आहे. यंदाच्या सुट्टीत छायाताईंचा वर्ग इथंच भरला. राखण्याची गोष्ट सांगायला त्यांनी रतनबाईला मुद्दाम बोलावलं. हनुमंत दाराशी बसला होता.

"त्याचं त्वांड डुकराचं," म्हातारी नेहमीसारखी सांगू लागली. "अंगावर खवलं. पाठीवर काटं. फुडलं पाय लांब, मागलं आखूड. आन् फुडल्या एका पायाला दोनच बोटं."

"बाकीची कुटं गेली?" पहिल्या ओळीतल्या एका चिमुरडीनं विचारलं.

रतनबाईनं वर माझ्याकडं बघितलं.

"ती आमच्या घरानं खाल्ली, बाळा," ती म्हणाली.

दाराशी हनुमंतानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. रानाच्या कडेनं जाताना वाटेवर, बांधावर, कुंपणाच्या फटीत माझ्यासारखी तार दिसली, तर तिला हात लावू नका. वनरक्षकांना सांगा, मोठ्या माणसांना सांगा. तार लावणारं माणूस तुमच्याच घरचं निघालं, तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. भीती वाटेल. सुलक्षणेला किती वाटली ते मी बघितलं आहे. आणि तुमच्या ओसरीवरच्या डब्यात एखादी जुनी वायर पडली असेल, तर तिला पुन्हा कामाला लावायची घाई करू नका. मी त्या अंधाराला नावं ठेवत होते. आता इथं खिळ्यावर लटकताना तो डबा मला रोज आठवतो. तिला तिथंच सुखानं गंजू द्या.